डावी माझी, उजवी डॉक्टरांची

नाशकात रस्त्यावर धावणाऱ्या हेराल्ड दोन. एक माझी आणि एक डॉक्टरांची. कुणाच्या शेडमध्ये एखादी विटांवर उभी असेल तर ती मी धरत नाही. धावणाऱ्या दोनच, आणि त्यांतली चांगली कोणती असं कुणालाही विचारलं तर तो डॉक्टरांची म्हणून सांगेल. मला विचारलं तर मीही तेच सांगीन, फक्त सांगताना माझ्या पोटात दुखेल. गेली कित्येक वर्षं दुखतंय.

हेराल्ड म्हणजे साठच्या दशकातली छोटीशी, दोन दारांची गाडी. आपल्याच देशात बनायची. ती बनवणारा कारखाना कधीच बंद पडला, त्यामुळं तिचा नवा सुटा भाग ही वस्तूच आता जगात नाही. तिचं बॉनेट पुढच्या बाजूला अख्खंच्या अख्खं उलटं उघडतं, मडगार्डांसकट. पुढच्या टायरवर बूड टेकून, चहाचा कप इंजिनावर ठेवून आरामात काम करता येतं. असं सुख दुसऱ्या कुठल्याही गाडीत नाही, आणि देवाच्या दयेनं हेराल्डवाल्याला ते वारंवार मिळतं.

माझी गाडी वडिलांनी घेतलेली, तीही जुनीच. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होतो. पगार बेताचा, घरात माणसं भरपूर, त्यामुळं गाडी मी चालवली नाही, जगवली. ब्रेकची रबरं कुठल्या तरी वेगळ्याच गाडीच्या किटमधली. पाण्याच्या पंपाचं सील अंबडच्या एका लेथवाल्याकडून कातून घेतलेलं. दाराच्या कडेचं रबर भंगारातल्या फ्रिजचं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये जे काही मिसळतात त्यानं जुन्या रबरी नळ्या भिजवलेल्या पापडासारख्या होतात, म्हणून त्या दरवर्षी बदलायच्या. हे सगळं करून गाडी चालू होते तेव्हा गल्लीतली पोरं टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्यांचा राग येतो. डॉक्टरांची गाडी चालू होते तेव्हा कुणी टाळ्या वाजवत नाही, लोक नुसते बघत राहतात.

डॉक्टर म्हणजे दाताचे डॉक्टर. आता निवृत्त. कॉलेज रोडला बंगला, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा परदेशात. उंच, सडसडीत, शर्टाला कायम कडक इस्त्री. कार्ब्युरेटरची बारीक छिद्रं ते दात कोरायच्या हत्यारांनी साफ करतात. मी बायकोच्या डब्यातल्या सुईनं करतो. सुटे भाग त्यांनाही मिळत नाहीत, त्यांचीही रबरं दुसऱ्याच गाडीची आहेत, त्यांनीही लेथवाल्याचे उंबरे झिजवलेत. पण मी जोडतो ते जोडलेलं दिसतं आणि ते जोडतात ते मुळातलं वाटतं. यात कुठं काय कमी पडतं ते मला आजवर कळलेलं नाही. पैसा हे एक कारण झालं, पण नुसता पैसा असता तर मी निवांत झोपलो असतो.

आमच्या दोघांचा मिस्त्री एकच. द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज. हा मनुष्य कमालीचा बढाईखोर. स्वतःच्या हातानं बिघडवलेली वस्तू दुरुस्त केली की तिचेही जास्तीचे पैसे लावतो. त्याची आणि माझी जुनी भांडणं आहेत.

"डॉक्टरसाबची गाडी म्हणजे मख्खन," तो माझ्याच गाडीखाली पडून मला सांगायचा. "काय आवाज हाय! झोप येते इंजिनावर."

"आणि माझी?"

"तुमची चालते ना. अल्लाचा शुकर करा."

माझी चालायची, पण तिचा तिसरा गिअर पडताना कर्र असा आवाज करायचा. बाकीचे गुमान पडायचे. तिसरा मात्र असा कण्हायचा की गल्लीच्या टोकाला बसलेली माणसं न बघता सांगायची, हे आले म्हणून. बायको आतून कुकर खाली उतरवायची. मिस्त्रीनं गिअरबॉक्स खोलून पाहिला होता, आतल्या ज्या चकतीनं गिअर अलगद बसतो ती झिजलेली होती आणि ती मिळणार नव्हती. "क्लच पूरा दाबा आणि सबर ठेवा," एवढाच त्याचा इलाज. सबर हा माझा प्रांत नाही.

या गिअरबॉक्सच्या नादानंच मी आणि डॉक्टरांनी मिळून मनमाडची ती मोडकी हेराल्ड घेतली.

माझी थोरली बहीण मनमाडला दिलेली. तिच्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांच्या परसात एक हेराल्ड मरून पडली होती. छतावर दोडक्याचा वेल चढलेला, आत कोंबड्या. बहिणीनं कळवलं आणि मी आनंदानं हुरळून गेलो, पण ती एकट्यानं घेण्याची माझी ऐपत नव्हती. नाइलाजानं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "अर्धी अर्धी घेऊ."

अर्धी अर्धी म्हणजे कशी, यावर आम्ही दोन शिकलेल्या माणसांनी मनमाडच्या त्या परसात उभं राहून बराच खल केला. एकानं पुढची घ्यावी तर दुसऱ्याला काय? दारं एकाला आणि दिवे दुसऱ्याला दिले तर जास्त कुणाला मिळालं? शेवटी डॉक्टरांनीच तोडगा काढला. दाताच्या डॉक्टरला सुचावा असाच तो होता, कारण तोंडाचीही एक डावी बाजू असते आणि एक उजवी. गाडी मधोमध वाटायची. डावं दार, डावे दिवे, डावी चाकं आणि त्यांच्यामागचं सगळं एकाचं, उजवं दुसऱ्याचं. मला हे इतकं न्यायाचं वाटलं की मी टाळी दिली. बहीण म्हणाली, "आरं, भाकर हाय का ती?" तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

माझी मुलगी तेव्हा लहान होती, आमच्याबरोबर आली होती. तिला चिठ्ठ्या उचलायला सांगितल्या. डावी बाजू आम्हाला आली. मधल्या वस्तूंसाठी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या, त्यात इंजिन डॉक्टरांना गेलं आणि गिअरबॉक्स मला आला. मी मनातल्या मनात देवाला नमस्कार केला. नाशकात आणून उघडला तर त्याचाही तिसराच गेलेला होता. डॉक्टरांना मिळालेलं इंजिन मात्र आतून ठणठणीत निघालं.

त्या वाटणीची गंमत आम्हाला पुढं कळली. माझ्या गाडीचं जे काही मोडायचं ते उजव्या बाजूचं, आणि त्यांचं डावीकडचं. उजवी काच माझी तडकली, डावा दिवा त्यांचा फुटला. प्रत्येक वेळी एकानं दुसऱ्याच्या दारात जायचं आणि अदलाबदल करायची. एका उजव्याला एक डावं. फुकट द्यायचं नाही आणि उसनंही ठेवायचं नाही, असा आमचा अलिखित नियम झाला होता. आणि दर वेळी त्यांच्या दारात गेलं की ती गाडी दिसायची. पोर्चमध्ये, पांढऱ्या चादरीखाली. मी गेलो की ते चादर थोडी वर करायचे. मुद्दाम करत होते असं मी म्हणणार नाही, पण करायचे.

माझी मुलगी तर त्यांच्यावर खूषच असायची. "डॉक्टरकाका, हॉर्न वाजवू?" असं विचारून ती त्यांच्या गाडीत जाऊन बसायची. आमच्या हॉर्नला काही ताळतंत्र नव्हतं, कधी वाजायचा, कधी उजवीकडं वळलं की आपोआप वाजायचा. गाडी शेवटी आपली असते, हे मी तिला घरी येताना सांगायचो. ती शेजारच्या सीटवर बसून माझ्या पायांकडं बघत असायची.

मोठी झाल्यावर तिनं चालवायला मागितली. एकदा नाही, बऱ्याचदा. तिनं ऑफिसला जायला घेतलेली नवी गाडी होती, तिच्यातून ती घोटीपर्यंत एकटी जाऊन यायची. चालवायला उत्तम येत होतं. पण हेराल्डची क्लच प्लेट मिळत नाही, तेव्हा ते काही हात साफ करायचं साधन नव्हे. आज ब्रेक बघायचेत, उद्या पेट्रोल कमी आहे, परवा पाऊस आहे, असं मी सांगत गेलो. तिनं मागायचं सोडलं. ती समजूतदार आहे असं मी सगळ्यांना सांगायचो.

तिचं लग्न ठरलं इगतपुरीला. मुलगा रेल्वेत, घरची माणसं साधी. मी त्याच दिवशी जाहीर करून टाकलं की पाठवणी हेराल्डमधून होणार. जन्मल्यावर ती हॉस्पिटलमधून घरी आली ती याच गाडीतून, आणि जाईल ती याच गाडीतून. नाशिक ते इगतपुरी, हायवेनं, न थांबता. त्या वर्षभरात मला दुसरं काही सुचत नव्हतं. बायको साड्या बघत होती, हॉल बघत होती, जेवणाचे मेनू बघत होती. मी रेडिएटर बघत होतो.

मुलीनं एकदा हळूच म्हणून पाहिलं, "बाबा, डॉक्टरकाकांची मागितली तर? त्यांनी स्वतःहून विचारलंय." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणालो, "मग कन्यादानही त्यांनाच करायला सांग." बायकोनं हातातलं भांडं जरा जोरात ठेवलं आणि विषय संपला.

लग्नाला महिना राहिला असताना मुंबई नाक्याच्या वळणावर गाडी बसली. म्हणजे अक्षरशः बसली. पुढच्या चाकाला धरून ठेवणारा एक उभा दांडा असतो, मिस्त्री त्याला किंगपिन म्हणतो. तो मोडला आणि चाकानं मांडी घातली. मागं हॉर्नचा नुसता गोंधळ. चौघांनी उचलून गाडी बाजूला घेतली. कुठलं चाक ते सांगायलाच नको. उजवं. आणि या दांड्याचे आटे डाव्याला एका दिशेचे आणि उजव्याला दुसऱ्या दिशेचे असतात, एकाचा दुसऱ्याला बसत नाही. माझ्या माळ्यावर मनमाडच्या गाडीचा डावा किंगपिन तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवलेला होता.

"डॉक्टरसाबकडं उजवा असंल," मिस्त्री म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी विसरणार नाही.

दोन दिवस मी गेलो नाही. मुंबईला फोन केले, पुण्याला केले. एक जण बनवून देतो म्हणाला, पण मुलीला बसवायची होती त्यात, कातलेल्या दांड्यावर हायवेला चाक सोडायची माझी छाती झाली नाही. शेवटी डावा किंगपिन पिशवीत घालून कॉलेज रोडला गेलो.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. आत गेले आणि उजवा घेऊन आले. तो असा चकचकीत ठेवला होता की नुकताच कारखान्यातून आलाय असं वाटावं. मी पिशवीतून डावा काढला तर त्यांनी हात पुढं केला नाही.

"असू द्या. लग्नघर आहे. फिटेल कधीतरी."

आमचा नियम त्यांनी असा एका वाक्यात मोडून टाकला. मला राग आला. अहो, त्यांच्याजवळ चांगली गाडी आहे, चांगलं इंजिन आहे, आता चांगुलपणाही त्यांनीच करायचा? मी थँक्यू म्हणालो आणि डावा किंगपिन पिशवीत घालून परत आणला. रस्ताभर तो पायाला लागत होता.

गाडी उभी राहिली. मिस्त्रीनं या वेळी तिथं ग्रीस न मारता ऑइल घातलं, कारण या दांड्याला ऑइलच लागतं हे त्याला आता माझ्या मोडलेल्या दांड्यामुळं पटलं होतं. मी पाथर्डी फाट्यापर्यंत जाऊन आलो. काही वाजलं नाही, तिसरा सोडून.

लग्नाला आठवडा असताना घरात बैठक बसली. कुणी कुठल्या गाडीत बसायचं. मी म्हणालो, "नवरी पुढं बसेल, दोनच दारं आहेत, शालू सावरून मागं जाता यायचं नाही. मागं जावई आणि पाठराखीण. आणि मी चालवणार."

 मग मनमाडची बहीण हसायला लागली.

"आरं येड्या, पोरीचा बाप कधी पाठवणीच्या गाडीत बसतो का? तू काय तिला सोडायला सासरी जाणार का? लोक काय म्हनतील! बापानं दारात उभं ऱ्हायाचं."

वर्षभर मी रेडिएटरपासून टेललॅम्पपर्यंत सगळा विचार केला होता, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. कितीतरी लग्नं पाहिली, दारात उभे राहिलेले बाप पाहिले, त्यातल्या काहींना खांद्याला धरून आतही नेलं. पण मी या सबंध वर्षात स्वतःला जिथं जिथं पाहिलं होतं तिथं मी स्टिअरिंगवर होतो. बायकोकडं पाहिलं. तिला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे तिच्या तोंडावरून कळत होतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

मी भांडून पाहिलं. कुठं लिहिलंय, म्हणालो. व्याह्यांचा फोन आला, ते बिचारे म्हणाले या की, पण त्यांच्या आवाजावरून मला कळलं की त्यांच्याकडंही पद्धत तीच आहे. मग चालवणार कोण? पुतण्याला बसवून पाहिलं. त्यानं चोक ओढून ठेवला, क्लच असा सोडला की गाडी बेडकासारखी उडाली आणि मी ओरडून त्याला खाली उतरवलं. या गाडीला हात लावता येईल अशी नाशकात दोनच माणसं होती. ते नाव कुणी घ्यावं याची सगळे वाट बघत होते. मुलीनं घेतलं.

मी फोनवर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मी? नक्की?" त्यांच्या आवाजातला आनंद त्यांना लपवता आला नाही. मला तो ऐकवला नाही.

लग्नाच्या दिवशी ते फेटा बांधून आले. बंद गळ्याचा कोट, पायात चढाव. मी सकाळपासून धावपळीत होतो, माझं धोतर एका बाजूनं सुटत होतं. वराकडच्या एका पाहुण्यानं त्यांनाच नमस्कार करून "मुलीचे वडील का?" असं विचारलं. त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. पाहुण्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा त्यांच्याकडं पाहिलं.

दुपारी पाठवणी निघाली. गाडीला झेंडूच्या माळा होत्या, त्या मीच बांधल्या होत्या, रेडिएटरची जाळी झाकू नये अशा. मुलगी सगळ्यांच्या गळ्यात पडून झाली, माझ्या गळ्यात पडली. मी काहीतरी बोलायचं ठरवलं होतं, ते बोललो नाही. "चोक अर्धाच ओढा," एवढं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "हो." जावई मागं गुडघे कानाशी घेऊन बसला होता, पाठराखीण पोरगी हसत होती. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. मी चालू करतो तेव्हा तिसऱ्या झटक्याशिवाय होत नाही.

हॉलच्या फाटकातून गाडी बाहेर पडली. पहिला. मग दुसरा. रस्त्याला लागल्यावर, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी, तिसरा पडणार हे मला माहीत होतं. सगळे रडत होते, मीही रडत होतो, आणि रडता रडता मी कान देऊन ऐकत होतो.

आवाज झाला नाही.

गाडी लोण्यातून सुरी जावी तशी पुढं गेली. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला, "धीर धरा, चांगल्या घरी पडलीय," म्हणाले. मी मान डोलावली. खोटं का बोलू, मी तिच्यासाठीच रडत होतो, पण त्या क्षणी जो हुंदका आला तो तिसऱ्या गिअरचा होता. माझी गाडी, माझी मुलगी, आणि दोघी त्या माणसाबरोबर माझ्यापेक्षा सुखानं चालल्या होत्या.

दिवेलागणीला मुलीचा फोन आला. पोचलो, म्हणाली. माप ओलांडलं, सगळे छान आहेत, सासूबाईंनी आल्याचा चहा दिला. मी विचारलं, "गाडी?"

"एकदम मस्त. बाबा, एक सांगू? रागवू नका."

मला वाटलं, मोडलं काहीतरी.

"वाडीवऱ्ह्याच्या पुढं काकांनी गाडी आत वळवली, मुकण्याच्या धरणाकडं जातो ना त्या रस्त्याला. मोकळाच होता. थांबवली आणि मला म्हणाले, चालवायची का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी म्हटलं शालू आहे, चुडा आहे. तर म्हणाले, गाडीला त्याचं काय? मग ते शेजारी बसले आणि मी चालवली. धरण दिसेपर्यंत. मागं हे नुसते ओरडत होते."

"तिसरा?" मी विचारलं. माझ्या तोंडून दुसरं काही आलंच नाही.

"पडला की."

"वाजला?"

"नाही." मग तिनं आवाज खाली आणला. "बाबा, मी लहानपणापासून शेजारी बसून तिसरा टाकतेय. मनातल्या मनात. तुम्ही क्लच लवकर सोडता."

तिला कुणीतरी हाक मारली आणि तिनं फोन ठेवला. बायको विचारत होती काय म्हणाली, काय म्हणाली. मी म्हणालो, पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर गाडी परत घेऊन आले. रात्री व्याह्यांनी त्यांना ठेवून घेतलं होतं. फेटा मागच्या सीटवर होता, कोटाला सुरकुत्या पडल्या होत्या, डोळे लाल होते. इतक्या वर्षांत मी त्यांना चुरगळलेलं कधी पाहिलं नव्हतं. किल्ली देताना ते म्हणाले, "तुमचा किंगपिन फिटला बरं का. आता काही द्यायचं नाही."

मी गाडीचं दार उघडलं. ड्रायव्हरच्या पायाशी, क्लचच्या पेडलभोवती, अक्षता पडल्या होत्या. तिच्या केसांतून नाहीतर शालूतून सांडलेल्या. म्हणजे खरंच तिथं बसली होती.

बायकोनं चहा आणला. बॉनेट उघडलं नव्हतं, तेव्हा डॉक्टर नुसते मडगार्डाला टेकून उभे राहिले. एका उजव्याला एक डावं, असं आमचं इतकी वर्षं चाललं होतं, आणि या माणसानं एका मोडक्या गाडीच्या दांड्याच्या बदल्यात हे नेलं. माझी मुलगी माझी गाडी चालवताना त्यांनी पाहिली. मी नाही पाहिली. आता ती कधीही येईल, मी किल्ली हातात देईन, ती चालवीलही. पण पहिल्यांदा चालवली तेव्हा शेजारच्या सीटवर ते होते. याला डावं-उजवं नाही आणि मनमाडच्या कुठल्या परसात याचा दुसरा नग पडलेला नाही.

त्यांच्या गाडीचा मला हेवा वाटत आला होता. त्या सकाळी तो कुठं गेला कुणास ठाऊक. जो आला तो असा होता की मला कपातला चहा पिववेना.

"कशी चालवली तिनं?" मी विचारलं.

ते सांगायला लागले. चपला काढून ठेवल्या, म्हणाले. आधी आरसा नीट केला. क्लच दाबून थोडी थांबली, ओठ असे आत घेतले, आणि मग पहिला टाकला. दुसऱ्यावर जरा रेटली. मग तिसरा. बांगड्या वाजल्या, गिअर नाही. मग ती हसली, आणि रस्ता संपेपर्यंत हसतच होती.

ते थांबले. त्यांचा चहाही गार झाला होता.

मी म्हणालो, "पुन्हा सांगा."